बोटभर पिन

मी एक जुनी मोटार आहे. मित्रांनो, वयाने मी तुमच्या पणजोबांच्या बरोबरीची. माझा मुक्काम मोटारींच्या संग्रहालयात असतो. माझ्यापुढे एक दोरी बांधली आहे, जणू मी कोणाला चावणार आहे!

मला प्रथम एका डॉक्टरांनी घेतले. वीस वर्षे मी त्यांना रोग्यांच्या दारोदार नेले. मग त्यांच्या मुलाने नवी गाडी आणली आणि माझी रवानगी शेडमध्ये झाली. कोंबड्या माझ्या सीटवर खुशाल अंडी घालायच्या. तिथून मला संग्रहालयाच्या मिस्त्रींनी बाहेर काढले.

दर रविवारी मिस्त्री हँडल मारून मला सुरू करायचे आणि जमलेल्या शौकिनांना माझा इतिहास सांगायचे. शौकीन तरी कसे? एका कार्ब्युरेटरवरून तासभर वाद घालणारे! माझे कौतुक झाले की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचे, मला मांस नसले तरी.

एका रविवारी मिस्त्री माझे ब्रेक साफ करत होते, तेवढ्यात शौकीन आले. प्रश्नांवर प्रश्न. मिस्त्री बोलण्यात रंगले. ब्रेकची दांडी एका बोल्टने जोडलेली असते. तो निसटू नये म्हणून त्यात बोटभर पिन घालतात. ती पिन त्यांच्या खिशातच राहिली. मी सुरू झाले, दारातल्या उतारावर आले. मिस्त्रींनी ब्रेक दाबला आणि बोल्ट गळून पडला. उताराच्या टोकाला त्यांचा थोरला भाऊ पाटी रंगवत बसला होता.

"दादा, बाजूला हो!" मिस्त्री ओरडले.

दादांनी मान वळवली, एवढेच. मी त्यांना मारले, मित्रांनो. उगाच शब्द फिरवून सांगत नाही.

माझ्या डाव्या मडगार्डला पोचा आला. मिस्त्रींनी तो काढू दिला नाही. कित्येक महिने ते कोणाशी धड बोललेही नाहीत. शेवटी दादांची बायको, म्हणजे मिस्त्रींच्या वहिनी, स्वतः आल्या. "भाऊजी, गप्प बसून ते काही परत यायचे नाहीत. सांगा लोकांना. निदान दुसऱ्या कोणाचं घर तरी वाचेल."

तेव्हापासून मिस्त्री ती पिन तळहातावर ठेवून सगळे सांगायचे. "मी बोलत बसलो आणि माझा भाऊ गेला." शौकीन घरी जाऊन आधी आपापल्या गाडीखाली शिरायचे. वहिनी मागच्या बाकावर बसून ऐकायच्या.

पुढे शौकीन थकले, एकेक करून येईनासे झाले. आता येणारे माझ्याकडे पाठ करून फोटो काढतात. नवे व्यवस्थापक म्हणाले, "काका, सुट्टीच्या दिवशी लोक रडायला येत नाहीत. जरा गोड बोला की."

"गोड असतं तर बोललो नसतो का?" मिस्त्री म्हणाले.

त्यांचे रविवार बंद झाले. त्यांनी अंथरूण धरले आणि गेल्या हिवाळ्यात ते गेले. मग माझा पोचा ठोकून सरळ केला, वर रंग फासला. आता बटण दाबले की एक पेटी बोलते, "या गाडीने कधीही कोणाला दगा दिला नाही." असा संताप येतो! पण माझे ऐकतो कोण?

परवा वहिनी आल्या. त्यांनी बटण दाबून पेटीचे सगळे ऐकले. मग मडगार्डवरून हात फिरवत पोचा शोधत राहिल्या.

"आजी, हात नका लावू," पहारेकरी म्हणाला.

"अरे, इथे माझा माणूस होता," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

येत्या रविवारी माझी शंभरी आहे. मला त्याच उतारावरून चालवणार आहेत. काल नव्या मेकॅनिकने माझे ब्रेक साफ केले. हात चांगला आहे त्याचा, पण त्याला कोणी काही सांगितलेलेच नाही. मध्येच फोन वाजला. बोलत बोलत त्याने बोल्ट बसवला आणि बोलत बोलतच बाहेर गेला. पिन माझ्या मागच्या चाकाजवळ फरशीवर पडली आहे.

उताराच्या टोकाला खुर्च्या मांडून झाल्या आहेत. मित्रांनो, रविवारी जरूर या. फक्त बसण्याआधी तुमच्यापैकी कोणीतरी वाका आणि माझ्याखाली बघा.