सुताराच्या हाती वल्हं

आजकाल कुणाच्याही घरी जेवायला बसा, ताटातला एखादा पदार्थ आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असतोच. कुठे तूप, कुठे साखर, कुठे बिचारा बटाटा. केरळातल्या कुट्टनाडात शीबाच्या घरी हा मान भाताला मिळाला. ज्या गावात बांध घालून, पाणी उपसून, समुद्राच्या पातळीखालच्या चिखलात लोक भात पिकवतात, त्या गावात एका बाईने भाताचं तोंड बघणार नाही म्हणावं, ही काही लहानसहान गोष्ट नव्हती.

शीबा एकेचाळीस वर्षांची. ब्लाउज शिवायची आणि गावच्या बायकांच्या शर्यतीच्या होडीत पहिलं वल्हं धरायची. वल्ही मारणाऱ्या तीस जणी. पहिलं वल्हं जसं पाण्यात पडेल तशीच मागची एकोणतीस पडायची, असा होडीचा कायदा. त्यामुळे पहिल्या वल्ह्याच्या बाईकडे गावातही सगळ्यांचं लक्ष असतं. तिने साडीचा काठ बदलला तरी चार जणी दुकानात तोच मागतात.

आरोग्य केंद्रातल्या नर्सने तिला सांगितलं होतं, "साखर काठावर आलीय. पाचसहा किलो वजन उतरवा, भात जरा कमी करा." सल्ला रास्त होता. शीबाच्या ताटात लाल भाताचा डोंगर असे आणि त्याच्या पायथ्याशी माशाचा एक तुकडा. पण मोबाईलवरच्या एका पिळदार दंडांच्या तरुणाने नर्सच्या पुढे जाऊन सांगितलं, भात बंद, खोबरं बंद, तेलाचा थेंब नको. खायचं ते फक्त प्रोटीन. शीबाला नर्सपेक्षा तरुण पटला. बेताच्या सल्ल्यापेक्षा टोकाचा सल्ला माणसाला जास्त खरा वाटतो, कारण त्यात विचार करायचं काम उरत नाही.

"एडी, अगं, मग शेत विकून टाकू का?" नवरा साबू म्हणाला. "आपण पिकवायचं आणि आपणच खायचं नाही, म्हणजे लोकांना विष विकतोय असं वाटेल."

"तुम्ही खा की. तुमचं पोट बघितलं तर सात महिने भरलेत असं वाटतं," शीबाने सुनावलं आणि उकडलेल्या अंड्यातला पिवळा बलक काढून कोंबडीला टाकला.

पाच आठवड्यांत ती सहा किलोने उतरली. चेहरा ओढला, पण कमरेला चुडीदार सैल झाला आणि वाहवा सुरू झाली. सराव शिबिरात दाक्षायणीअम्मा सगळ्यांसाठी रांधत असे. होडीच्या मधोमध उभी राहून फळीवर दांडा आपटत ठेका द्यायची तीच, आणि चुलीपाशीही तिचाच ठेका. एके दिवशी तिच्या लक्षात आलं की भाताचं पातेलं अर्धं उरतंय. अकरा जणी घरून अंड्याच्या पांढऱ्याचे डबे आणत होत्या. पहिलं वल्हं तसं पडलं होतं ना!

शर्यत पंधरा दिवसांवर आली तेव्हा शशिधरन आशानने पूर्ण अंतराची चाचणी घेतली. आशान म्हणजे त्यांचा गुरू. बोलायचा कमी आणि शिट्टी वाजवायचा जास्त. निम्मं अंतर होडी सुरेख गेली. मग शीबाच्या दंडांतली ताकद कुणीतरी बूच काढल्यासारखी वाहून गेली. डोळ्यांपुढे पाणी पांढरं दिसू लागलं. ठेका पडत होता, वल्हं मागे राहत होतं. होडी तिरकी झाली, आणि शीबाच्या बरोबर मागे बसलेली जिनी, चोवीस वर्षांची, नुकतं लग्न झालेली मुलगी, वल्ह्यावरच कोसळली.

काठावर आणून तिला साखरेचा कोरा चहा पाजला. दहा मिनिटांनी ती उठून बसली. आशान शीबाकडे वळला. "पहिलं वल्हं मागे राहिलं की होडी राहत नाही. तीन दिवस देतो. नाहीतर ती जागा दुसरीला."

शीबाला अकरा वर्षांची ती जागा डोळ्यांपुढून जाताना दिसली. ती चिडून जिनीवर घसरली, "तुला झेपत नव्हतं तर सांगायचं नाही का? कुणी सांगितलं होतं तुला उपाशी राहायला?"

जिनी तिला चेची, म्हणजे ताई म्हणायची. तिने मान वर केली. "तुम्हीच सोडलात ना भात, चेची? मी तुमच्या मागे बसते. मी तुमचंच बघते."

शीबा तिथून निघाली. ती चुलीपाशी जाऊन बसली. दाक्षायणीअम्मा नारळ खवत होती.

"मी फक्त बारीक होत होते, अम्मा. त्यात काय वाईट?"

"वाईट काही नाही, मोळे, माझ्या पोरी. मला सांग, आपली होडी कशावर चालते?"

"वल्ह्यांवर."

"शर्यतीनंतर फळ्या ढिल्या झाल्या तर?"

"सुतार ठोकतो."

"आणि बुडाला आपण माशाचं तेल चोळतो ते हौस म्हणून?"

"नाही चोळलं तर लाकूड पाणी पितं."

"मग पोटाचंही तसंच आहे," अम्मा म्हणाली. "भात, कप्प्याचा कंद, केळं हे वल्हवणारे हात. मासा, अंडं, मूग म्हणजे सुतार, झिजलेलं शरीर पुन्हा बांधणारा. खोबरं न् तेल म्हणजे बुडाचं तेल. तू काय केलंस? वल्हवणाऱ्यांना घरी पाठवलंस, तेल पुसून टाकलंस आणि सुताराच्या हाती वल्हं दिलंस. तो बिचारा वल्हवेल थोडा वेळ. पण मग फळ्या कोण ठोकणार?"

शीबा हळूच म्हणाली, "पण आधी मी डोंगरभर भात खात होते, त्यानेच साखर काठावर आली ना?"

"तेही खरं. तीस जणींच्या होडीत साठ वल्हवणारे बसवले तर होडी बुडते. चूक माझीही आहे. मी वाढताना हात आवरत नाही आणि मासा मात्र मोजून टाकते." अम्माने खवलेला नारळ पालेभाजीवर पसरला. "नर्सने कमी कर म्हटलं होतं, मोळे. काढून टाक नव्हतं म्हटलं."

दुपारी पंगत बसली. अकरा डबे उघडले गेले आणि सवयीने अकरा जोडी डोळे शीबाकडे वळले. ती उभी राहिली. भर पंगतीत चूक कबूल करणं वल्हं मारण्याहून जड असतं.

"मी चुकले," ती म्हणाली. "मोबाईलवरच्या त्या पोराने मला कधी बघितलेलं नाही, त्याने माझी साखर तपासली नाही, तरी मी त्याचं ऐकलं. माझ्यामुळे जिनी पडली. आजपासून मी सगळं खाणार. अम्मा, दोन पळ्या भात वाढा. तेवढीच मुगाची उसळ, दोन मथी मासे, आणि खोबरं घातलेली भाजी."

तिने ताट घेतलं आणि पहिला घास जिनीला भरवला.

तीन दिवसांनी आशानने पुन्हा चाचणी घेतली आणि काही न बोलता नुसती शिट्टी वाजवली. शीबाची जागा राहिली. शर्यतीत होडी दुसरी आली. पहिली आली असती तर गोष्ट अधिक गोड झाली असती, पण खोटं कशाला सांगा? शेवटपर्यंत एकही वल्हं गळालं नाही, हे मात्र खरं. वजन किलोभर परत चढलं. दोन महिन्यांनी नर्सने साखर तपासली, ती काठावरून मागे सरकली होती. "आता असंच खा," ती म्हणाली.

वाचकहो, तब्येतीसाठी झटणं हा चांगलाच गुण आहे. पण भात, प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ यांच्यात कुणी चोर नाही आणि कुणी साव नाही. तिघांनाही आपापल्या मापाने जागा द्यावी, आणि ते माप डॉक्टर-नर्सला विचारून ठरवावं. आणि उद्या घरात ताट बाजूला सारताना एकदा मागे वळून पाहावं. आपलं वल्हं बघून स्वतःचं वल्हं मारणारी एखादी जिनी तिथे बसलेली असते.