खड्डेरावांचा वाढदिवस

आमच्या गल्लीच्या तोंडाशी तीन वर्षांपासून खड्डा. त्यात आमची भाजीची हातगाडी कलंडली अन् आमच्या मालकांचा, म्हंजी माझ्या नवऱ्याचा, फकिरांचा, पाय मोडला. मी अर्ज देऊन देऊन दमले, पण नगरसेवक कुंदनभाऊ ढिम्म हलंना.

शेजारची अरफा भिंती रंगवती. लय खोडसाळ हात हाय तिचा. खड्ड्यामागच्या भिंतीवर तिनं वाढदिवसाचा बॅनरच रंगवला. मधोमध फेटा बांधलेला खड्डा, वर 'खड्डेरावांना तिसऱ्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा', खाली शुभेच्छुक म्हणून भाऊंचं तोंड. म्हटलं, आता तरी मेल्याला लाज वाटंल.

लाज कसली डोंबलाची. भाऊ आले अन् म्हणले, "अरफाताई, माझा फोटो जरा मोठा काढा की." वर खड्ड्याशेजारी केक कापला. पिंपळगावचे टेम्पोवाले थांबून सेल्फी काढाया लागले. अरफाचं नाव पेपरात आलं. मग मुंबईच्या चित्रप्रदर्शनवाल्यांचा फोन, शनिवारी भिंत अन् खड्डा दोन्हीचं शूटिंग करतो म्हणून. तसा भाऊंनी खड्ड्याभोवती कठडा बांधला. अर्धा रस्ता अडला, उरल्यातनं हातगाडीबी जाईना. खड्डा बुजवायला नव्हतं ते सिमेंट कठड्याला बरोबर मिळालं.

माझं डोकंच फिरलं. अरफाला म्हटलं, "तुझं भलं झालं, मला आनंद हाय गं. पण मालकांचा पाय बरा झालाय, शनिवारी पहिल्यांदा गाडी काढणार हायेत. कुठून काढायची?"

 खड्डा बुजवला तर मुंबईचं प्रदर्शन हातातून जाईल, हे अरफाला कळत होतं, मलाबी. शुक्रवारी भर दुपारी तिनं कठडा फोडला, मुरमाच्या पाट्या ओतल्या, मी जड धुमसानं मुरूम ठोकून बसवला. भाऊ धावत आले. "ताई, उद्या त्यांना दाखवायचं काय?"

अरफानं खड्डेरावांच्या चित्राला हार घातला, वर लिहिलं 'भावपूर्ण श्रद्धांजली', अन् भाऊंना शुभेच्छुकाचं शोकाकुल केलं.

शनिवारी भाऊ पांढरे कपडे घालून, बुजवलेल्या जागेवर खुर्च्या टाकून शोकसभेला बसले. मुंबईवाले खूश, कॅमेरा सुरू. भाऊ डोळे पुसत दोन शब्द बोलतायत, तेवढ्यात मालक गाडी ढकलत आले.

"सरका भाऊ, मेथी सुकतीय."

सगळी सभा खुर्च्या उचलून बाजूला झाली. गाडी सरळ गेली, अन् मला रडूच आलं. भाऊ म्हणले, "ताई, सावरा स्वतःला."