विनीतची चोरवाट

अनुपमाचं नाव निघालं की विनीतच्या पोटात दुखायचं. महाडच्या एमआयडीसीतल्या केमिकल कारखान्याची कंट्रोल रूम म्हणजे त्याचं राज्य. पुरात त्याच्या तुडील गावचा रस्ता पाण्याखाली गेला, तेव्हा याच पठ्ठ्याने घरात बसून मोबाइलवरून रिअ‍ॅक्टर सांभाळला होता. साहेब चहाच्या वेळी आल्यागेल्याला तीच गोष्ट सांगत. आता साहेबांच्या तोंडी एकच जप, अनुपमा मॅडम.

तिला आणलं होतं कारखान्याचे कॉम्प्युटर बाहेरच्या चोरांपासून वाचवायला. आल्याआल्या तिने पेन ड्राइव्ह बंद केले, ज्याला त्याला वेगळा पासवर्ड दिला.

"विनीतदादा, बाहेरून आत यायची एखादी वाट राहिलीय का?"

"नाय मॅडम," विनीत म्हणाला. पुरातली आपली वाट त्याने मुद्दाम उघडी ठेवली. ती वाट राहिली तरच पुढच्या पुरात त्याला कुणी तरी विचारणार होतं ना!

साहेबांनी मॅडमचा सत्कार ठरवलाय, हे त्याला सुट्टीच्या दिवशी घरी कळलं आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. घरूनच आत शिरायचं, पडद्याचा फोटो काढायचा आणि साहेबांना पाठवायचा. बघा म्हणावं, तुमच्या मॅडमचं कुलूप! त्याने मोबाइल उघडला.

कंट्रोल रूमच्या पडद्यावरचा बाण आपोआप फिरत होता. विनीतने अजून बोटही लावलं नव्हतं. बाणाने रिअ‍ॅक्टर थंड ठेवणारं पाणी बंद केलं. विनीतने चालू केलं, बाणाने पुन्हा बंद केलं. तापमान चढू लागलं; असंच चढत राहिलं तर रिअ‍ॅक्टर फुटणार. आणि रिअ‍ॅक्टरपाशी आज त्याचा सख्खा भाऊ रामा ड्युटीवर होता. आत मोबाइल नेता येत नाही. बाहेरून येणारी इंटरनेटची वायर कुठली, हे फक्त अनुपमालाच ठाऊक. त्याने तिच्या ऑफिसात फोन लावला.

"मॅडम, बाहेरची वायर उपटा! कोण तरी आत घुसलाय, पाणी बंद करतोय!"

तिने लगेच वायर उपटली. पडदा काळा झाला. विनीतने फोन कानाला लावला.

"पाणी हाताने सुरू केलं. रामादादा सुखरूप आहेत," ती म्हणाली. "पण तुम्हाला घरी बसून कसं दिसलं?"

"माझीच वाट हाय मॅडम. पुरातली. चोर पण तिथनंच घुसला असणार. मी तुमाला खोटं बोललो."

सत्काराला तिने साहेबांसमोर सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. वर म्हणाली, "पण पितळ उघडं पडणार हे माहीत असून यांनी फोन केला." आणि स्वतःच्या सत्काराचा नारळ विनीतच्या हातात ठेवला. रामाने सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

विनीत नारळ घेऊन उभा होता. यातही तीच मोठी ठरली, आणि त्याच्या पोटात दुखायचं काही थांबलं नव्हतं.