बाजा सरकला, चेलो बसला

मी एक जुना बाजा आहे, मित्रांनो. तुम्ही मला पेटी म्हणाल. जन्म अमृतसरचा, मुक्काम लंडनमधल्या साउथॉलच्या गुरुद्वाऱ्यात. भात्याला ठिगळं, दोन पट्ट्या तोतऱ्या, पण ऐट नवरदेवाची. माझ्यावर कीर्तन करता करता भाई निरवैरसिंगांची दाढी पिकली. समोर बसलेली संगत डोळे मिटून डुलायची आणि मला वाटायचं, हे सगळं माझ्यामुळेच.

आता भाईंची बोटं आखडली. ती चालतायत तोवर एकदा आजोबांसोबत वाजवायचंच, म्हणून त्यांची नात जपनीत रविवारी चेलो घेऊन आली. व्हायोलिनचं माणसाएवढं धूड. मला घामच फुटला.

गुरुद्वाऱ्याचे अध्यक्ष, आमचे प्रधानजी, आडवे आले. "ही खुर्ची कशाला?"

"अंकल, चेलो खुर्चीवर बसूनच वाजवतात."

"गुरू महाराजांच्या ग्रंथापुढे उंच खुर्ची? इथे सगळे जमिनीवरच बसतात. उद्या सोफा आणशील. आणि विलायती वाद्य हवंच कशाला? आपला बाजा काय मेलाय?"

भाई हसले. "प्रधानजी, हा बाजा तरी कुठे पंजाबच्या शेतात उगवला? याचे पूर्वज साहेबाच्याच बोटीतून आले ना?"

चारचौघांत माझं खानदान निघालं.

"पण बाजा खाली जमिनीवर बसतो," प्रधानजी म्हणाले.

"मग चेलोही बसेल. जपनीत पुत्तर, गुडघ्यांवर बस. माझे उस्ताद मोराच्या आकाराचा ताऊस तसाच गजाने वाजवायचे."

तिने चेलोचा लोखंडी पाय आत ढकलला आणि गुडघे टेकले. मला हातभर सरकवलं.

गुरूंचं पद सुरू झालं. मध्यावरच भाईंची बोटं अडली आणि मी मुका झालो. तेवढ्यात चेलोने तो सूर अलगद उचलला. भाईंचा आवाज त्याच्या खांद्यावर बसून पुढे निघाला. काय सांगू, इतकी वर्षं मी गायलो, पण तो आवाज असा उंच गेलेला मी पहिल्यांदाच ऐकला. कीर्तनात टाळ्या नसतात. मागून कोणीतरी नुसतं "वाहेगुरू" म्हणालं.

लंगरमध्ये प्रधानजी खीर वाढत होते. जपनीतच्या ताटाशी थांबले.

"गुडघे दुखले?"

"खूप."

त्यांनी आणखी एक पळी वाढली. "पुढच्या रविवारी उशी आण. पातळ आण, नाहीतर उंच होशील."

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखा एखादा म्हातारा असेल. त्याचा भाता वेळेवर शिवा. आणि नवा कोणी दारात आला, तर त्याला हातभर जागा द्या. मीही कधीतरी असाच दारात उभा होतो. तेव्हा कोणीतरी सरकलं होतं.