तेरा इंचांची खूण

"मूठ हलवू नका, दादा," मी म्हणाले आणि ओळंब्याची दोरी हैबतीदादांच्या अंगठ्याला टेकवली.

ते उघड्या मोटारीच्या पायरीवर उभे होते. उजवा हात पुढे, मूठ हवेत, नसलेल्या खांबाभोवती आवळलेली. एकतीस वर्षांपूर्वी ते याच गाडीचे ड्रायव्हर होते आणि चढताना पुढच्या काचेचा पितळी खांब धरायचे. आता गाडीला काच नव्हती, खांबही नव्हते. खांब किती कलते होते हे सांगू शकेल असा माणूस एवढाच उरला होता, म्हणून अब्बांनी त्यांना पोलादपूरहून आमच्या महाडच्या वर्कशॉपमध्ये बोलावलं होतं.

मी त्यांना पाच वेळा चढायला लावलं. पाचही वेळा मूठ एकाच जागी मिटली, फरक चार मिलिमीटरच्या आत. कॉलेजच्या प्रयोगशाळेत माझी मुलं लोलक मोजतात, त्यांचे आकडे इतके जवळ येत नाहीत. खांबाच्या तळापासून अकरा इंच वर, पावणेतीन इंच मागे. मी वहीत लिहिलं : चौदा अंश.

"अजून पाचदा चढा," अब्बा म्हणाले. "आमच्या अफरीनचं समाधान नाय झालं."

"गुडघं फुटतील माझं, मुख्तार. पोरगी पास हाय म्हण."

तेवढ्यात बाहेर जीप थांबली. गाडीचे मालक यशराज संध्याकाळी यायचे होते. ते दुपारी तीनलाच आले.

गाडी त्यांच्या आजोबांची. अडुसष्ट साली महाबळेश्वरहून उतरताना आंबेनळी घाटात ती कठड्याला आदळली. काच फुटली, आणि यशराजचे नऊ वर्षांचे काका दगडांवर फेकले गेले, ते पुन्हा उठले नाहीत. ड्रायव्हरला डुलकी लागली असं घरच्यांनी सांगितलं, तेच गावानं धरलं. त्यानंतर हैबतीदादांच्या हातात कुणी गाडी दिली नाही. भातगिरणीवर पोती उचलत त्यांचं आयुष्य गेलं. हे सगळं मला ऐकून ठाऊक होतं. अब्बांनी त्यांना बोलावल्याचं यशराजना मात्र ठाऊक नव्हतं.

ते दारातच थांबले. पायरीवरच्या माणसाला त्यांनी ओळखायला वेळ लावला नाही.

"बरं केलंत मुख्तारभाई," ते म्हणाले. "झोपायला यांना ओळखीची जागा मिळाली."

हैबतीदादा पायरीवरून उतरले. भिंतीजवळच्या स्टुलावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

अब्बांनी कोन का हवा होता ते शांतपणे सांगितलं. यशराजना त्यात रस नव्हता. रविवारी ते स्वतः ही गाडी चालवत त्याच घाटातून महाबळेश्वरला जाणार होते, आणि काच त्याआधी बसायला हवी होती. मुंबईच्या भंगारबाजारातून त्यांनी दुसऱ्या कुठल्या गाडीचे पितळी खांब आणले होते. ते साडेपंधरा इंचांचे. आमच्या गाडीचे मूळ खांब तेरा इंच, कारण आजोबांनी काच रुबाबदार दिसावी म्हणून ते कापून घेतले होते. तेरा हा आकडा माझा होता. घरच्यांकडे एकच फोटो होता, समोरून काढलेला. त्यातल्या गाडीच्या दिव्याच्या व्यासाशी ताडून मी उंची काढली होती. फोटोत हैबतीदादा चाकामागे बसलेले आहेत, कोंबड्यासारखी मान ताणून. यशराजच्या घरी त्या मानेवर हसतात, असं त्यांनीच मला फोटो देताना सांगितलं होतं.

"खूण केलीय ना? मग कापा," यशराज म्हणाले.

अब्बांनी एक खांब वाइसमध्ये आवळला. हॅक्सॉचं पातं माझ्या रेघेवर टेकवलं. पितळ एकदा कापलं की परत वाढत नाही, आणि असा दुसरा जोड कुठे मिळेल हे कुणालाच माहीत नव्हतं. स्टुलावरचे हैबतीदादा पात्याकडे बघत होते. त्यांची मूठ पुन्हा मिटली होती.

अब्बांनी पातं उचललं.

"कच्चं बांधल्याशिवाय मी कापत नाय," ते म्हणाले. "तुमीच बसून बघा."

यशराज वैतागले, पण गाडीत चढले. अब्बांनी खांब चौदा अंशांत पाचर लावून उभे केले. मी तेरा इंचांच्या खुणेवर काचेच्या चौकटीच्या वरच्या दांडीएवढीच, दीड इंच रुंद लाकडी पट्टी सुतळीनं बांधली. गादी नवी होती, पण सीटचा सांगाडा जुनाच. यशराज आणि हैबतीदादा उंचीलाही जवळजवळ सारखे.

गाडीचं तोंड रस्त्याकडे होतं. शंभरेक फुटांवर वळण. पाळी सुटल्यामुळे एमआयडीसीतले कामगार तिथून चालत येत होते. यशराजनी चाक धरलं आणि समोर पाहिलं. पाहता पाहता त्यांनी डोकं जरा खाली केलं. मग वर केलं. मग त्यांची मान ताणली गेली.

ती मान मी फोटोत पाहिली होती. चौकटीचा प्रत्येक इंच मोजताना माणसाची मान का ताणलीय हे मी स्वतःला विचारलं नव्हतं. आता मनात हिशेब केला. डोळ्यांपासून दोन फुटांवरची दीड इंचाची पट्टी शंभर फुटांवर सव्वासहा फूट झाकते. उभा माणूस झाकते.

यशराजनी आणखी एकदा मान खाली आणली, आणि वळणावरची माणसं त्यांना दिसेनाशी झाली असावीत, कारण मान लगेच वर गेली.

"वळणावर काय होतं?" त्यांनी विचारलं. मागे वळून पाहिलं नाही.

"बैलगाडी," हैबतीदादा म्हणाले. "लय जवळ आल्यावर दिसली. मी चाक फिरवलं."

"आजोबांना सांगितलं नव्हतं?"

"दोनदा सांगितलं व्हतं. मालक म्हणाले, ड्रायव्हरानं मान ताठ ठेवावी."

यशराजनी सुतळीची गाठ सोडायचा प्रयत्न केला. ती सुटेना. अब्बांनी पुढे होऊन कापली.

"खांब आहेत तेवढेच राहू द्या," यशराज म्हणाले.

ते उतरले, दार उघडंच टाकून दोन पावलं चालले आणि हैबतीदादांसमोर थांबले. म्हणाले, पोलादपूरपर्यंत मी सोडतो तुम्हाला.

"नको. पावणेपाचची एसटी हाय."

हैबतीदादांनी टोपी घातली. जाता जाता ते गाडीपाशी थांबले, उघडं दार दोन्ही हातांनी हलकेच लोटलं, आणि खटका बसल्याचा आवाज आल्यावरच हात काढले.