अंगभर डोळे

मी एक जुनी मोटारसायकल आहे आणि माझ्या अंगभर डोळे आहेत. मित्रांनो, हसू नका. टाकीवर, चाकांवरच्या पत्र्यांवर, साखळीच्या झाकणावर, जिथे जागा मिळाली तिथे ते काढलेले आहेत. बहुतेक वाकडेच आहेत. पुढच्या दिव्यावरचे दोन तेवढे रेखीव, आणि तेच सर्वांत जुने.

माझा मालक शिवा पेणजवळच्या गडब गावात राहतो. पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात तो डोळ्यांची आखणी करीत असे. मूर्ती घडते, वाळते, रंगते. पण डोळे उघडेपर्यंत ती मातीच असते. ती शेवटची रेघ शिवाची. हात जरा हलला की डाव्या हाताने उजवे मनगट घट्ट आवळून, श्वास रोखून तो ती ओढी. माणसांशी बोलायला मात्र लाजे. कारखान्याचे मालक महादेवकाका म्हणत, "शिवा बोलत नाही. ते काम त्याचे गणपती करतात."

१९९६ साली गणपती गेल्यावर रोह्याच्या एका कंपनीतला फिटर, शिवाचा मित्र पोपट याने मित्रांची टोळी जमवली आणि मोटारसायकलींवरून नेपाळला जायचे ठरवले. शिवा खरे तर कुणाच्या अध्यातमध्यात नसणारा. पण तिथल्या स्तूपावर रंगवलेले प्रचंड डोळे त्याने एका कॅलेंडरवर पाहिले होते, आणि ते त्याला झोपू देत नव्हते. निघण्याच्या सकाळी त्याने माझ्या दिव्यावरच्या पत्र्यावर दोन डोळे काढले. "आता तूपण बघ," एवढेच म्हणाला.

मी पाहिले. सीमेच्या अलीकडे भात, पलीकडेही भातच. परदेश म्हणजे इतके आपले शेत असेल असे वाटले नव्हते. मग घाट सुरू झाला आणि ढग खाली राहिले. काठमांडूला सगळे फोटो काढण्यात गुंतले, तेव्हा शिवा त्या डोळ्यांसमोर उभा राहून हवेत बोट फिरवीत होता. माझ्याजवळ येऊन तो हळूच म्हणाला, "एका दमात ओढलीय गो रेघ." इतका आनंदी तो मला पुन्हा दिसला नाही.

पुढे पोखऱ्याच्या वाटेवर, एका खड्ड्यात, माझे इंजिन चौकटीला धरून ठेवणारा बोल्ट तुटला. मला ते तत्क्षणी कळले. पण मला वाचा कुठली? मी थरथरले, एवढेच मला करता येत होते.

"पोपट, गाडी लय थरथरते. हाताला मुंग्या येतात," शिवा चहाच्या टपरीवर म्हणाला.

"डोंगराचा रस्ता हाय, थरथरणारच. तुझा हात काय काचेचा हाय?"

"नाजूक हाय बाबा तो," मागून कुणीतरी म्हणाले. "देवाला काजळ घालतो."

सगळे हसले. शिवाही हसला, आणि त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. कारखान्यातली सवय तेवढी त्याच्या कामी आली, आणि तीच त्याला नडली: हलणारी गोष्ट घट्ट धरायची. त्याने माझ्या मुठीला फडके गुंडाळले आणि ती आवळून धरली. तो जितका आवळी, तितकी माझी थरथर त्याच्या हाडांत उतरे. हिमालयापासून कोकणापर्यंत मी त्याला सांगत राहिले, आणि माझे ते सांगणेच त्याचा हात खात होते.

गडबला दारात त्याच्या बायकोने, सगुणाने ओवाळले. प्रसादाची वाटी शिवाच्या हातातून निसटली.

"हाताला काय झाला?" तिने विचारले.

"काय नाय. मुंग्या हायत, उतरतील."

पोपट रोह्याकडे निघण्यापूर्वी सहज माझ्याजवळ वाकला. तुटलेला बोल्ट त्याला दिसला. तो बराच वेळ वाकलेलाच राहिला.

मुंग्या उतरल्या नाहीत. शीर दुखावली आहे, वेळ लागेल, असे डॉक्टर म्हणाले. पुढच्या हंगामात शिवाने मनगट आवळून कुंचला टेकवला, तर रेघ पापणी सोडून गालावर गेली. महादेवकाकांनी ती स्वतः पुसली. "डोळे राहू दे, शिवा. तू आसनं रंगव."

देवावर सराव करायचा नाही, असा त्या कारखान्याचा रिवाज. तेव्हा सगुणाच म्हणाली, "गाडीवर काढा. ती काय बोलणार हाय?"

तेव्हापासून मी पडवीत उभी आहे. पोपटाने नवा बोल्ट बसवून दिला, पण शिवा मला चालवत नाही. कामावरून आला की तो माझ्यासमोर बसतो आणि एक डोळा काढतो. वाकडा आला तरी पुसत नाही. शेजारी दुसरा काढतो.

मित्रांनो, तुमच्या हातातले यंत्र थरथरू लागले तर थांबा. कुणी हसले तरी थांबा. आम्हाला दुसरी भाषा नाही.

कुंचला टेकतो तेव्हा मी पत्रासुद्धा हलू देत नाही. ज्या वाटेवर मी स्थिर राहायला हवे होते, तिथे ते माझ्या हाती नव्हते. आज मी दगडासारखी स्थिर आहे, आणि माझ्या अंगावर टेकलेला त्याचा हात थरथरतो आहे.