फळीवरची तिसरी जागा

"तोंडं भिंतीकडं करा. कान धरा."

पंधरा मुली भिंतीकडं वळल्या. आजच आलेल्या सोळाव्या मुलीनं खरोखरच दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले, तशा बाकीच्या खिदळल्या.

"हातानं न्हाई गं बये," कुसुम तिला म्हणाली. "मास्तर कान धरा म्हणले की नुस्तं ऐकायचं."

संगप्पानं भाता हलवला आणि पेटीची एक पट्टी दाबली.

"कुठला?"

"प!"

"हा?"

"रे!"

"आन् हा?" त्यानं पांढरी चौथी दाबली.

"ग!" जुन्या पंधराच्या पंधरा एकदम बोलल्या. एकीचाही आवाज डळमळला नाही.

संगप्पाची शिकवायची रीत अशीच होती. पहिला महिनाभर गायचं नाही, फक्त ऐकायचं. बोट दिसू नये म्हणून तोंड भिंतीकडं. सूर ओळखता आला की मग सा, रे, ग, म. सा कायम काळी एकचा. वर्षभर राग नाही, भजन नाही. सात शुद्ध सूर चढायचे आणि उतरायचे. आईबाप कुरकुरायचे, की पोरगी वर्षभर जिनाच चढून राहिली, माडीवर जाणार कधी? संगप्पा म्हणायचा, जिना पक्का असला की माडी कुठं पळून जात नाही.

उद्या त्या जिन्याची परीक्षा होती. नांदेडात मुलींची खासगी मराठी शाळा निघून तीन वर्षं झाली होती. तिथं गाण्याचा वर्ग सुरू करायची इजाजत जिल्ह्याच्या अव्वल तालुकदाराच्या कचेरीतून यंदा आली होती. गाण्याच्या मास्तराची एकच जागा. शाळेच्या कमिटीत कुसुमचे वडील, बापूसाहेब वकील होते. त्यांनी संगप्पाचं नाव घातलं होतं. हैदराबादहून वसंतराव नावाचे जाणकार गवई यायचे होते. ते संगप्पाच्या मुलींचं गाणं ऐकणार आणि हो किंवा नाही सांगणार. चाळिशी उलटलेल्या संगप्पाला आजवर लोकांनी 'पेटीवाला' म्हटलं होतं. शाळेतला मास्तर कोणी म्हटलं नव्हतं.

मुली गेल्या. संगप्पानं पेटीवर फडकं टाकलं आणि सवयीनं स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. शिकवणी सुटली की तिथून काहीतरी ऐकू यायचं. आता तिथं कोणी नव्हतं. त्याची बायको महादेवी जाऊन चार महिने झाले होते.

ती जळकोटची. बापाचं तिथं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. गिऱ्हाइकानं मोडीला आणलेलं भांडं असो की नवं कोरं, बाप ते आधी पोरीपुढं धरायचा. पोर बोटानं टिचकी मारायची आणि सांगायची, "अप्पा, हे चिरलंय." चीर डोळ्याला दिसायची नाही, पण पाणी भरलं की गळायचंच. लग्न होऊन नांदेडला आली तरी तिची ती खोड गेली नव्हती. हाती आलेलं प्रत्येक भांडं ती आधी वाजवायची.

आठ वर्षांपूर्वी गोदावरीचं पाणी घरात गुडघाभर चढलं, तेव्हा पेटी भिजली. आतल्या सुरांच्या पितळी पात्यांवर हिरवा कळंक चढला. सुरांचं काम जाणणारे त्याचे लातूरचे गुरू तोवर वारले होते. संगप्पानं पेटी स्वतःच खोलली, बारीक कानस घेतली आणि एकेक सूर घासून साफ केला. पेटी पुन्हा बोलू लागली तेव्हा त्याला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

त्याच संध्याकाळी महादेवी चुलीपुढून म्हणाली, "मास्तर, ग बसला हो."

"बसला म्हंजे?"

"खाली बसला. रे च्या अंगाला सरकला."

"तू चुलीवरचं बघ. करपल्याचा वास येऊन राहिला."

वास खरोखरच येत होता. तिनं भाकरी उलटली आणि विषय तिथंच संपला.

पण तिच्या मनातून तो गेला नाही. ती नदीवर धुणं घेऊन जायची तेव्हा गुरुद्वाऱ्यातलं गाणं तिच्या कानावर पडायचं. एकदा ओलं धुणं तसंच खांद्यावर घेऊन ती दारात उभी राहिली.

"त्यांच्या पेटीतला ग आन् आपला ग येक न्हाई, मास्तर. त्यांचा वर हाय."

"ते पंजाबी सूर हायेत. पंजाबात ग वरच असतो."

"अय्यो! सुराला बी मुलूख असतो का?"

"त्यांचा सा येगळा, आपला सा येगळा. तुला काय कळायचं!"

"सा कुठं बी असू द्या की. सा पासून ग किती लांब ते बघा. जळकोटाहून उदगीर, गाडीनं जावा का पायी, कोस तेवढेच."

शेजारच्या चतुराबाई दारात तांदूळ निवडत होत्या. त्या हसल्या. शेजारणीसमोर बायकोनं शिकवलेलं संगप्पाला खपलं नाही.

"भांडी बडवणारीनं गाण्यात बोलू नये," तो म्हणाला. "तुझी फळी बघ आधी. मोठ्या चरवीशेजारी बुटका गडवा, त्याच्याशेजारी काशाची वाटी, मंग परत तांब्या. लहानमोठं लावायची बी अक्कल न्हाई, आन् सूर सांगती."

महादेवी गप्प झाली. फळी मात्र तिनं बदलली नाही. कोणी भांडं इकडचं तिकडं ठेवलं तर ती पुन्हा जागच्या जागी ठेवायची. त्यानंतर ग चा विषय तिनं कधी काढला नाही. आठ वर्षं ती तोच ग ऐकत भाकरी थापत राहिली.

शेवटच्या तापात, जायच्या चार दिवस आधी, शिकवणी चालू असताना तिनं आतून हाक मारली.

"आज नका हो वाजवू. डोक्यात खुपून राहिला."

"काय खुपतं?"

"ग."

त्याला वाटलं, तापात बरळते. त्यानं दार लोटून घेतलं आणि हळू वाजवलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत मोठ्या खोलीत जाजम अंथरलं होतं. शाळेनं हैदराबादहून नवी पेटी मागवली होती, तिला अजून रंगाचा वास येत होता. वसंतराव साठीचे, बारीक अंगाचे. त्यांनी संगप्पाला शेजारी बसवलं.

"गुरू कोण तुमचे?"

संगप्पानं उजव्या हातानं कानाची पाळी धरली, मग नाव घेतलं. "लातूरचे मडिवाळप्पा बुवा."

"छान," वसंतराव म्हणाले. गुरूचं नाव घेताना कानाला हात लावणारा माणूस त्यांना आवडलेला दिसला. "पेटी मी धरतो. मुलींनो, सा काळी एक. सावकाश चढा."

मुलींनी सा लावला. नव्या पेटीत तो मिसळून गेला. रे लावला. बापूसाहेबांनी संगप्पाकडं पाहून मान हलवली. मग मुलींनी ग लावला, आणि पेटीतून एक ग निघाला न् मुलींच्या गळ्यांतून दुसरा. दोन्ही एकमेकांवर घासले. खोलीत बसलेल्या, गाण्यातलं काही न कळणाऱ्या माणसांनीही तोंडं वाकडी केली.

"पुन्हा," वसंतराव म्हणाले.

पुन्हा तेच झालं. मुलींनी घाबरून आवाज चढवला, तसं ते जास्तच खुपलं.

वसंतरावांनी पेटी थांबवली. "कुसुम ना तू? एकटी म्हण. पेटीशिवाय."

कुसुमनं म्हटलं. सा नीट, रे नीट, ग खाली, म पुन्हा नीट. दुसरीनं म्हटलं, तसंच. तिसरीनंही.

"मास्तर," वसंतराव हळू आवाजात बोलले, पण खोली इतकी गप्प होती की सगळ्यांना ऐकू गेलं. "या मुली बेसूर नाहीत. बेसूर माणूस दर वेळी नव्या जागी चुकतो. या पंधराही जणी एकाच जागी, केसभरही न हलता चुकतात. एवढी घोटून घेतलेली चूक मी आजवर ऐकली नाही. तुमच्या पेटीचा ग उतरलाय. कधीपासून?"

"आठ वर्षं झाली आसतील. पेटी भिजली व्हती."

"आठ वर्षं! आणि तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

संगप्पानं जाजमाकडं पाहिलं. तिथं एक मुंगळा रंगीत पट्ट्यावरून सरळ चालला होता.

"न्हाई जी," तो म्हणाला. "कोणीच न्हाई."

बाहेर पायरीवर बापूसाहेबांनी त्याला गाठलं. "मास्तर, फैसला तुम्हाला समजलाच. मी तुमचं नाव घातलं, खामोखा माझीबी शोभा झाली." मग जरा थांबून म्हणाले, "पोरींचे गळे आता दुरुस्त व्हतील का हो?"

कुसुम मागं उभी होती. "मास्तर, आमी बराबर म्हणलं न्हाई का?"

"बराबर म्हणलं," संगप्पा म्हणाला. "मी शिकवलं तसंच म्हणलं."

घरी येऊन त्यानं पेटी उघडलीसुद्धा नाही. शाळेत बोललेले दोन शब्द त्याच्या तोंडात अडकून बसले होते. कोणीच न्हाई. नोकरी गेली ती गेली. पण एवढ्या माणसांत तिचं नाव घ्यायची वेळ आली, आणि त्यानं तिला दुसऱ्यांदा गप्प बसवलं.

तहान लागली म्हणून तो आत गेला. माठावरची पळी उचलताना ती फळीवरच्या भांड्याला लागली. ठण्ण. संगप्पा थांबला. त्यानं पळीनं पहिल्या चरवीला हलकंच टोकलं, मग दुसऱ्या गडव्याला. सा. रे.

त्यानं पळी पुढं सरकवली. तिसरी जागा रिकामी होती. चौथा तांब्या म. पुढं प, ध, नी. शेवटचं इवलंसं फुलपात्र वरचा सा. तिनं भांडी लहानमोठी लावलीच नव्हती. कानानं लावली होती. रोज भाकरी थापताना समोर ठेवली होती, आणि त्यानं एकदाही विचारलं नव्हतं की अशी का.

तो चतुराबाईंच्या दारात गेला.

"फळीवरलं तिसरं भांडं कुठं हाय?"

"काशाची वाटी? अशी कशी हो याद गेली तुमची? तिच्या कार्याला जंगम स्वामींना दान दिली की. मी म्हणलं बी, मास्तर, ही जोडातली दिसती, दुसरं कायबी द्या. तर तुमी म्हणले, लई चांगली हाय, हीच देतो."

मठातले स्वामी भले होते. संगप्पाला त्यांनी पाट दिला, पाणी दिलं. वाटीचं विचारताच ते ओशाळले.

"बाजारात मोडीत घातली, मास्तर. मठाला परात लागत व्हती. ही बघा." त्यांनी परात आणून पुढं ठेवली. "पायजे तर ही घेऊन जावा."

संगप्पानं परातीला टिचकी मारली. ढब्ब. त्यानं परात परत केली, नमस्कार केला आणि निघाला.

दुसऱ्या दिवशी शिकवणीच्या वेळी एकटी कुसुम आली. चपला न काढता उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"आबा म्हणले, आता जाऊ नको. हेच सांगायला आले."

"बरं."

ती गेली नाही. "मास्तर, पेटी कुठं हाय?"

"बांधून ठिवली."

"मंग बराबर ग कसा असतो, ते कळायचं कसं?"

संगप्पानं तिला आत बोलावलं. चुलीपुढच्या फळीसमोर उभं केलं आणि पळीनं सा वाजवला, रे वाजवला, मग तिसऱ्या रिकाम्या जागेवर पळी नुसती धरली.

"हितं तू म्हण."

कुसुमनं म्हटलं. जुनाच ग, खाली बसलेला. त्यानं पुढचा म वाजवला. ती स्वतःच थबकली. "खुपलं," ती म्हणाली. पुन्हा म्हटलं. या वेळी जरा वर. पुन्हा, आणखी जरा वर. फळीवरची भांडी बारीक झिणझिणली.

"आता? आता बराबर का?"

संगप्पानं बराच वेळ कान दिला. आठ वर्षं खोट्या सुरावर बसलेला तो कान. त्याला खात्री देता येईना.

"मला न्हाई सांगता येत, पोरी. जिला सांगता येत व्हतं तिनं सांगितलं व्हतं. आठ वर्षांमागंच."

"कोण?"

त्यानं पळी डाव्या हातात घेतली. उजवा हात कानाच्या पाळीशी गेला.

"जळकोटची महादेवी," तो म्हणाला, आणि फळीवरची तिसरी जागा सोडून म वाजवला.